तिसऱ्या माजाची गाठ

कडूबा आणि गोजरबाईच्या अबोल्याला चौथा बाजार लागला होता.

त्या घरात दिवस मोजायचे ते भोकरदनच्या आठवडी बाजारावर. कॅलेंडर होतं, खताच्या दुकानातून फुकट आलेलं, पण ते भिंतीला पडलेली भेग झाकायला. बाकी सगळा हिशोब बाजाराचा. गाय माजावर येऊन गेली की तीन बाजारांनी पुन्हा येते, बाळंतिणीला उठायला पाच बाजार, आणि पाहुणा दुसरा बाजार उलटला तरी हलला नाही तर त्याला शेणाची पाटी उचलायला द्यावी. हे सगळं गोजरबाईचं शास्त्र होतं, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात कडूबाने त्याला कधी आव्हान दिलं नव्हतं.

नवरा-बायको बोलेनासे झाले की खरे हाल होतात ते तिसऱ्याचे. आधी ही पाळी सुनेवर, सुरेखावर आली. "मामाला सांग, भाकर झाली." "आत्याबाईला सांग, मला भूक न्हाई." सुरेखाने दोन दिवस निरोप्याचं काम केलं. तिसऱ्या दिवशी तिने पदर खोचला आणि दोघांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "मला सेंटरवर गावाचं दूध मोजायचं आसतंय. तुमचे निरोप मोजायला वेगळा माणूस ठिवा." गावातल्या दूध संकलन केंद्राची किल्ली तिच्याकडे होती, शिवाय घरोघरच्या गुरांची नोंदवहीही. नवरा, शिवशंकर, जालन्याला सळयांच्या कारखान्यात. तो रविवारी यायचा, आई-बापाची तोंडं बघायचा आणि रविवारीच परत जायचा. शहाणा मुलगा.

तेव्हापासून निरोप्याचं काम हौशीकडे आलं.

हौशी म्हणजे गोठ्यातली कालवड. देवणी वाणाची, अंगाने पांढरी शुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळी. वय सव्वादोन वर्षं, नुकतेच दोन दात आलेले. कडूबा गोठ्याच्या तोंडाशी उभा राहून म्हणायचा, "हौशे, सांग तुझ्या मालकिणीला, कांदा संपलाय का इळ्यात धार न्हाई? भाजी बिनकांद्याची कामून?" आणि चुलीपुढून उत्तर यायचं, "हौशे, सांग तुझ्या मालकाला, ज्याला आपल्या मर्जीनं सही करता येती त्याला कांदाबी चिरता येतो." हौशी दोघांचं ऐकून घ्यायची आणि रवंथ करायची. एवढ्या वर्षांत दोघांना असं शांतपणे ऐकून घेणारं कुणी भेटलं नव्हतं.

भांडण त्या सहीचंच होतं.

झालं असं होतं की तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरीण, सत्यशीला मॅडम, दूध केंद्रावर आल्या होत्या. पौषात एक पथक भोकरदनला येणार होतं. चांगल्या वाणाची गाय निवडायची, तिला इंजेक्शनं देऊन एका वेळी एकाऐवजी पाच-सात बीजं तयार करायची, ती फळली की सातव्या दिवशी आतून धुऊन अलगद काढायची आणि दुसऱ्यांच्या साध्या गाईंच्या पोटात ठेवायची. पोट दुसरीचं, वाण हिचं. सुरेखाने लगेच हौशीचं नाव काढलं. कडूबा तिथेच बाकड्यावर बसला होता. चारचौघांसमोर आपल्या कालवडीचं नाव निघालं म्हटल्यावर त्याची छाती अशी फुगली की खिशातला पेन आपोआप वर आला. अर्जावर सही करून, गावभर चहा पाजूनच तो घरी आला.

घरी गोजरबाईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजी लगीन हिचं आन् बाळंतपण शेजारणीचं?"

"तसंच कायतरी," कडूबा हसत म्हणाला.

"आन् हौशी कुणाची?"

इथे कडूबाचं हसू मावळलं. कारण हौशी गोजरबाईची होती. साऱ्या गावाला माहीत होतं आणि कडूबाला तर सगळ्यांच्या आधी माहीत असायला हवं होतं.

गोजरबाईचं माहेर घनसावंगीकडचं, गोदेच्या काठचं. बापाचा शंभर गुरांचा कळप होता. लेक सासरी निघाली तेव्हा त्याने भांडीकुंडी दिली नाहीत, एक काळ्या तोंडाची देवणी गाय दिली. "हिचं दूध पी आन् हिच्यावाणी ऱ्हा, कुणाला शिंग मारू नको, पण शिंगं हायेत हे इसरूबी देऊ नको," एवढंच म्हणाला. त्या गाईची लेक, तिची लेक, असं करत सहावी झाली ती पवळी. दोन्ही वेळचं मिळून अकरा लिटर दूध, तेही देवणी गाईचं. लोक धार काढताना बघायला यायचे. पण या वाणाची एक खोड होती. गोऱ्हे भारी व्हायचे, कालवड मात्र दर पिढीला एकच. माहेरी तर आता काहीच उरलं नव्हतं. भावाने ऊस लावला, गुरं गेली आणि बापाच्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा राहिला.

आणि या दिवाळीच्या सुमाराला पवळीला पान लागलं. साप चावला असं म्हणायचं नसतं, पान लागलं म्हणायचं. मक्याच्या वैरणीच्या गंजीपाशी लागलं आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं. मागे राहिली ही हौशी. बेचाळीस वर्षांचं माहेर एका खुंट्याला येऊन टेकलं होतं.

"तिनं अजून एक थेंब दूध दिलं न्हाई," गोजरबाई त्या दिवशी म्हणाली, "एक वासरू पोटात वागवलं न्हाई, आन् तुमी तिचं वाण गावभर वाटायला निघाले? पोरीची परीक्षा न्हाई, निकाल न्हाई, डायरेक मास्तरीण? काय झालं म्हंजी? नुसत्या सुया टोचून ती वांझ ऱ्हायली म्हंजी?"

"मॅडम म्हणून राह्यल्या का काय होत न्हाई."

"मॅडमचं माहेर हाय का गोठ्यात?"

यावर कडूबा रागावला. तो रागावला म्हणून ती गप्प झाली. ती गप्प झाली म्हणून तोही गप्प झाला, आणि पुढचा सगळा संसार हौशीच्या कानावरून सुरू झाला.

दोन दिवसांनी सत्यशीला मॅडम स्कुटीवरून कालवड बघायला आल्या. बाई हुशार होत्या आणि त्याहून विशेष म्हणजे घाईच्या नव्हत्या. त्यांनी हौशीच्या छातीला टेप गुंडाळून वजन काढलं, ते अडीचशेच्या वर भरलं. दात बघितले. मग ओट्यावर बसून म्हणाल्या, "आजी, तुमचं खरं आहे. ही स्वतः किती दूध देईल ते आज कुणीच सांगू शकत नाही, आपण तिच्या आईवर भरवसा ठेवतोय. आणि कालवडीचं वेळेचं गणित नाजूक असतं. लवकर केलं तर अंग तयार नसतं, हाती काही लागत नाही. उशीर केला तर तिचं स्वतःचं पहिलं वेत लांबतं. म्हणून माझा एक नियम आहे. तीन माज, बरोबर अंतराने आलेले, वहीत लिहिलेले. तिसरा दिसला की त्याच्यापासून दिवस मोजून इंजेक्शनं. दोनच झाले असतील तर मी हातही लावणार नाही."

गोजरबाई चमकली. कारण तिची आई अगदी हेच सांगायची. 'पहिले दोन माज देवाचे, तिसरा घराचा.' कालवड पहिल्या दोन वेळा ओरडली तरी वळूकडे नेऊन भरवायची नाही, तिसऱ्यांदा भरवायची. आईला लिहिता येत नव्हतं. ती लुगड्याच्या काठाची एक चिंधी कमरेला खोचून ठेवायची आणि प्रत्येक माजाला तिला एक गाठ मारायची. ती चिंधी आता गोजरबाईच्या कमरेला होती. हौशीची एक गाठ तिच्यावर आधीच बसली होती. मॅडमचा नियम आपल्या आईचा निघाला याचा गोजरबाईला आनंद व्हायला हवा होता, पण उलट तिला रागच आला. शत्रूच्या घरात आपली वाटी सापडावी तसं झालं.

दुसरा माज दोनच दिवसांनी आला, पहिल्यापासून बरोबर तीन बाजारांनी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. कडूबाने खांबावर चुन्याचं बोट ओढलं, सुरेखाने वहीत तारीख लिहिली आणि गोजरबाईने कुणाचं लक्ष नाही असं बघून चिंधीला गाठ मारली. एका कालवडीच्या तीन नोंदी तीन ठिकाणी झाल्या, पण एकमेकांशी बोलायला कुणी तयार नव्हतं. सुरेखाने मात्र मनात म्हटलं, बरंय, नोंद चुकायची सोय नाही. तिला अजून घरची माणसं नीट कळायची होती.

मग आला तिसरा. आणि तो एक दिवस आधीच आला.

कडूबाचा हिशोब पक्का होता. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी हौशी माजावर येणार. म्हणून तो बाजाराला निर्धास्त गेला. सुरेखा केंद्रावर होती. दहाच्या सुमाराला हौशीने मान वर केली आणि अशी हंबरली की छपरावरच्या चिमण्या उडाल्या. गोजरबाई धावत गोठ्यात गेली. शेपटी एका अंगाला, मागून लोंबणारी काचेसारखी स्वच्छ, चिकट सोटाची तार, वैरणीला तोंड नाही, पाय एका जागी ठरेना. सांगायला डॉक्टर नको होता.

गोजरबाईच्या डोक्यात पहिला विचार आला तो असा : हे कुणी बघितलं नाही, तर हे झालंच नाही.

तिसरा माज दिसला नाही की यादीत नाव नाही. यादीत नाव नाही की सुया नाहीत. आठ दिवसांत यादी बंद होणार, पथक येऊन निघून जाणार, पुन्हा येईल ते आठ महिन्यांनी. तोवर हौशी रीतीप्रमाणे गाभण राहील आणि स्वतःच्या पोटाने आई होईल. सगळं कसं साधं होतं. फक्त हौशीने तोंड मिटायला हवं होतं.

तिने गूळ चारला. हौशीने गूळ खाल्ला आणि हंबरली. तिने पाणी दाखवलं, हौशी पाण्यात तोंड घालून हंबरली, त्याने तर आवाज जास्तच घुमला. शेवटी गोजरबाईने शिवशंकरचा जुना मोबाईल आणून खुंटीला टांगला आणि त्यावर कीर्तन लावलं, मोठ्यात मोठ्या आवाजात. थोडा वेळ बरं चाललं. मग बुवांनी वरचा सूर लावला आणि हौशीनेही लावला.

रस्त्याने जाणारा तातेराव कुंपणापाशी थांबला. "गोजरकाकू, बुवाच्या मागं साथ कोण देऊन राह्यलं?"

"तुमच्या घरून ऐकू येत आसंल," गोजरबाई म्हणाली.

"कालवड माजावर आलीवाणी वाटती."

"पाणी पायजे तिला! जा तुमी, उन्हाचं उभं ऱ्हाऊ नये."

मार्गशीर्षातल्या थंडीत ऊन कुठलं, पण तातेराव निघून गेला. तोही चाळीस वर्षं संसार केलेला माणूस होता, कुठे थांबू नये हे त्याला कळत होतं.

संध्याकाळपर्यंत हौशी निवली. गोजरबाईने ओल्या फडक्याने तिची शेपटी, मागचं अंग सगळं लख्ख पुसून काढलं, जागेवर कोरडा पाला टाकला. पुरावा म्हणून काही उरलं नाही. हात धुऊन ती चुलीपुढे बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपण कमरेची चिंधी काढून तिला गाठ मारत आहोत. तिसरी. ती हाताला थांबवायला गेली, पण हाताला सवय होती आणि आईच्या चिंधीशी खोटं बोलायची तर मुळीच सवय नव्हती. गाठ बसली. तिने चिंधी खोल खोचून टाकली.

कडूबा बाजारातून आला तो घुंगरमाळ घेऊन. "हौशे, बघ तुझ्यासाठी काय आणलं," म्हणत त्याने ती तिच्या गळ्यात बांधली. मग तिच्या अंगाखांद्याकडे बारकाईने बघितलं, वैरण बघितली आणि उद्याच्या तयारीला लागला.

उद्याची तयारी म्हणजे खाट. पहाटेच त्याने खाट गोठ्यासमोर टाकली आणि घोंगडी पांघरून बसला. हौशी वैरण खात होती. दुपार झाली. हौशी झोपली. कडूबाने दुपारची झोप आयुष्यात पहिल्यांदा मोडली. "हौशे, एकदा वरड की," तो म्हणाला. हौशीने जांभई दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

पहिल्या दिवशी गोजरबाईला फार मजा वाटली. तिने चहाचा कप खाटेच्या पायाशी ठेवला आणि म्हणाली, "हौशे, सांग तुझ्या मालकाला, च्या निवून राह्यला." दुसऱ्या दिवशी मजा निम्मी झाली. तिसऱ्या दिवशी तिने बघितलं, कडूबा तीन दिवसांची दाढी खाजवत नुसता हौशीकडे बघत बसला होता आणि चहावर साय धरली होती. चहा न पिता बसलेला कडूबा तिने याआधी एकदाच बघितला होता, शिवशंकर लहानपणी तापाने फणफणला होता तेव्हा. आपण जिंकतोय हे तिला कळत होतं. पण जिंकल्याचा घास काही केल्या खाली उतरेना.

सहाव्या दिवशी सत्यशीला मॅडम आल्या. यादी त्या दिवशी संध्याकाळी बंद व्हायची होती.

अंगणात सगळे जमले. सगळे म्हणजे चौघं आणि हौशी. सुरेखाने वही उघडली. मॅडमने पानावरून बोट फिरवलं.

"दोनच आहेत की. तिसरा?"

"न्हाई आला अजून, मॅडम," सुरेखा खाली बघून म्हणाली. तिलाही फार वाईट वाटत होतं. कल्पना तिची होती.

"तीन हायेत," कडूबा म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"पयला ल्ह्यायचा राह्यला," तो घाईघाईने म्हणाला. "तव्हा वही न्हवती ना. ह्या दोन्हीच्या आधीचा. तीन बाजार आधीचा, बराबर. दोन दिस वरडत होती. मी सोता पाह्यलं. बिलकुल माजच होता."

"कधीची गोष्ट, बाबा?"

"ते... पवळी गेली त्या आठवड्यातली."

"खोटं!"

हा आवाज गोजरबाईचा होता. आणि तो हौशीला उद्देशून नव्हता.

"खोटं बोलून राह्यले तुमी! माजावर न्हवती ती, मायीसाठी वरडत होती! रिकाम्या खुंट्याकडं तोंड करून वरडत होती, मी बाजूला बसले होते. मेलेल्या मायीसाठीचा हंबरडा ह्यांनी वहीत माज म्हणून ल्हायला काढला! बेचाळीस वर्ष गुरं पाळली आन् एवढं कळंना?"

एवढं बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की अबोला मोडला. सुरेखाच्याही लक्षात आलं. हौशीने रवंथ थांबवला. पण कडूबाला त्याचा आनंद झाला नाही. त्याने मान खाली घातली, हौशीच्या गळ्यातली घुंगरं बोटांनी चाचपत राहिला आणि तिलाच म्हणाला, "हौशे, सांग तिला, कळत होतं. खोटंच बोललो."

मग घुंगरं हातात तशीच धरून तो पुढे सांगू लागला.

"पवळीला पान लागलं त्या रोजी तुझी मालकीण खुंट्यापाशी बसली ती उठलीच न्हाई, हौशे. चार दिस अन्नाला शिवली न्हाई. तिची माय गेली तव्हाबी तिला मी तसं पाह्यलं न्हवतं. तव्हाच मनात आलं, आता हे एकच राह्यलं. उद्या तुला पान लागलं, तुला कायबी झालं, तर मी घनसावंगीहून दुसरी कुठून आणू? तिथं तर ट्रॅक्टर हाय. मंग मॅडम म्हणल्या का तुझी लेकरं चार घरच्या गोठ्यात वाढतील. मला वाटलं, चार ठिकाणी आसली म्हंजी एकीला काय झालं तरी तिचं माहेर बुडायचं न्हाई. म्हणून केली सही. इचारायला पायजे होतं. न्हाई इचारलं."

गोजरबाई त्याच्याकडे बघत राहिली. चार बाजार हा माणूस कांद्यावर बोलला, भाकरीवर बोलला, 'मॅडम म्हणून राह्यल्या' एवढंच धरून बसला, आणि मनातली गोष्ट मात्र एकदाही बोलला नाही. गाढव माणूस. तिला त्याचा भयंकर राग आला आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम.

मॅडमने वही मिटली. "बाबा, तुमचं मन कळलं मला. पण खोट्या नोंदीवर सुई लावली तर भोगायची ती हौशीला. दोनच माज झाले असतील तर तिचं अंग अजून तयार नाही असंच मी धरणार. आठ महिन्यांनी बघू." त्यांनी बॅगेची चेन ओढली. सुरेखाने वही बगलेत धरली. कडूबा मान हलवत म्हणाला, "बराबर हाय. चूक माझी."

गोजरबाई जिंकली होती. आता काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायचा सराव तर तिला चार बाजारांचा होता.

मॅडमने स्कुटीला किल्ली लावली.

पहिले दोन देवाचे, तिसरा घराचा. आई म्हणायची. घराचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांचा. एकटीने कमरेला खोचून ठेवायचा नव्हे. आणि यांनी एक खोटा माज जोडला म्हणून आपण ओरडलो, मग आपण एक खरा माज पुसून टाकला त्याचं काय? दोघांनी मिळून त्या मुक्या जिवाचा हिशोब बिघडवला होता, एकाने एका बाजूने, एकीने दुसऱ्या बाजूने.

"थांबा मॅडम," ती म्हणाली.

तिने कमरेची चिंधी ओढून काढली आणि मॅडमच्या हातात दिली. "मोजा."

मॅडमने मोजल्या. "तीन?"

"ही मधली तुमच्या वहीतली दुसरी. आन् ही मागच्या बाजारची. दहा वाजता लागली, दिवस मावळायला निवली. गूळ चारला, कीर्तन लावलं, शेपटी पुसली. सगळं मीच केलं. तातेरावानं इचारलं तर त्यालाबी हुसकून लावलं."

सुरेखाचं तोंड उघडं राहिलं. "आत्याबाई!"

कडूबा हळूहळू उठून उभा राहिला. "बाजारच्या दिशी? म्हंजी मी तीन दिस खाटंवर बसलो तव्हा..."

"दिसत होतं मला. च्या मीच देत होते."

कडूबाने आ वासला. मग त्याच्या पोटातून काहीतरी गडगडत वर आलं आणि तो हसायला लागला. खोकला लागेपर्यंत हसला. "हौशे," तो धापा टाकत म्हणाला, "म्यानं एक जास्तीचा केला, तुझ्या मालकिणीनं एक कमी केला, हिशोब बराबर आला का न्हाई?"

मॅडमला हसू दाबता येईना, पण बाई नियमाच्या पक्क्या होत्या. "आजी, गाठीवर माझा विश्वास आहे, तरी हौशीला विचारते." त्यांनी लांब हातमोजा घातला, बॅगेतून छोटं यंत्र काढलं आणि तपासायला लागल्या. पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हलत होतं, गोजरबाईला ते चुलीतल्या राखेसारखं दिसलं. मॅडमने मात्र बोट ठेवलं. "ही बघा अंडाशयावरची खूण. पाच-सहा दिवसांपूर्वीचा माज. अंतरही बरोबर. अंग तयार आहे तिचं. चार दिवसांनी इंजेक्शनं सुरू करता येतील."

मग त्यांनी हातमोजा काढला, हात धुतले आणि अर्ज नव्याने काढला. कडूबाने सवयीने खिशाकडे हात नेला. मॅडमने अर्ज गोजरबाईपुढे धरला. "बाबांना मी विचारणार नाही. हौशी तुमची. आणि एक आधीच सांगते, कालवडीकडून फळलेली बीजं कमी मिळतात. दोन मिळतील, पाच मिळतील, एखाद्या वेळी एकही नाही."

गोजरबाईने हौशीकडे बघितलं. काळं तोंड, पांढरी मान, नवी घुंगरमाळ. बापाने दिली होती तीही अशीच काळ्या तोंडाची होती.

"एकदाच," ती म्हणाली. "सुया एकदाच. मिळालं तर मिळालं, न्हाई तर न्हाई. त्याच्यानंतर हौशी सोताच्या पोटानं आई होणार, मधी कुणी यायचं न्हाई."

"मान्य. मी स्वतः लिहून देते."

"आन् जेवढी मिळतील त्यातलं एक माझ्या भावाच्या गावच्या गाईच्या पोटात ठिवायचं. घनसावंगीला. कालवड होऊ द्या न्हाई तर गोऱ्हा, पण वाण परत तिथं गेलं पायजे."

मॅडमने तेही अर्जावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "सातव्या दिवशी डब्यात घालून मीच घेऊन जाईन."

गोजरबाईने अंगठा पुढे केला, मग मागे घेतला आणि सुरेखाकडे पेन मागितला. तिला आपलं नाव लिहिता येत होतं. कुणी कधी विचारलं नव्हतं, एवढंच. तिने सावकाश, एकेक अक्षर दाबून लिहिलं. सुरेखाने वहीत तिसऱ्या माजाची तारीख टाकली आणि 'पाहणाऱ्याचे नाव' या रकान्यात 'गोजरबाई' असं लिहिलं.

"भावाला फोन लाव," गोजरबाई तिला म्हणाली. "म्हणावं, गावातली एक गाय बघ, गोठ्यातला ट्रॅक्टर भाईर काढ, तुझ्याकडं पाहुणी येऊन राह्यली."

मॅडमची स्कुटी वळणाआड गेली. सुरेखा फोन घेऊन केंद्राकडे निघाली. अंगणात दोघंच उरले. कडूबाने खाट उचलून भिंतीला लावली, घोंगडी झटकली, थोडा घुटमळला आणि मग गोठ्याच्या तोंडाशी जाऊन, सवयीने, खाकरून म्हणाला, "हौशे, सांग तुझ्या मालकिणीला, लई भूक लागली."

गोजरबाई चुलीकडे निघाली होती. ती थांबली, वळली आणि चार बाजारांत पहिल्यांदा नवऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, "मलाच सांगा आता. तिच्या मागं लई कामं लागलीत."